वाघाचं जंगल गिधाडाला का पुरत नाही?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत फिरत आला. शेताच्या धुऱ्यावर बसलेला भलामोठा पक्षी, मान उघडी, पायात कडं आणि पाठीवर आगपेटीएवढी काळी डबी. खाली कुणीतरी ठोकून दिलं होतं, 'कॅमेरावाला हेर पक्षी, दिसल्यास पोलिसांना कळवा.' तासाभरात चीन, पाकिस्तान आणि स्मार्ट मीटर अशा तिघांवर संशय घेऊन झाला. मग पारशिवनीकडचे आमचे मोठे काका, जे ग्रुपवर एरवी फक्त दिवाळीला उगवतात, त्यांनी लिहिलं, 'हेर गिर काही नोय. गिधाड होय ते. पंचवीस वर्षानं पाहून राहिलो.'

त्यावर पुतण्याने विचारलेला प्रश्न खरं तर फार चांगला होता. पेंचसारखं एवढं जंगल आपल्या नागपूरला लागून आहे. तिथे वाघ आहेत, रानकुत्रे आहेत, शिकारीला बंदी आहे, रात्री दिवेसुद्धा जपून लावतात. मग तिथली गिधाडं गेली कुठे? आणि आता ती परप्रांतातून गाडीत घालून का आणावी लागतात? त्याला ग्रुपवर चार ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि जमेना.

आधी त्या डबीविषयी

डबी जीपीएसची. पक्षी कुठे गेला, किती वेळ एका जागी बसला, हे त्यावरून कळतं. हरियाणात पिंजोर इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवतात. नाव जटायू, रामटेकच्या गडाखाली राहणाऱ्यांना ते समजावून सांगायची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथून गिधाडं विदर्भात आली. पेंचला लांब चोचीची आणि ताडोब्याला पांढऱ्या पाठीची. काही महिने त्यांना जंगलातच मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, इथली हवा, इथलं ऊन अंगवळणी पडू दिलं आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं.

तेव्हा धुऱ्यावर असा पक्षी दिसला तर पोलिसांना नको, वनखात्याला कळवा. दगड तर मुळीच मारू नका.

होती तेव्हा किती होती

काका सांगतात, त्यांच्या लहानपणी मेलेलं ढोर शिवेवर नेऊन टाकलं की माणसं परत घरी पोचायच्या आत आभाळात ठिपके दिसू लागत. संध्याकाळी फक्त हाडं. नदीकाठी एक मोठा अर्जुन होता, त्यावर त्यांची वस्ती. विष्ठेने ते झाड असं पांढरं झालेलं, की जणू कुणी पोळ्याच्या आधी चुना मारून ठेवला आहे. हा पांढरा रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. सर्वांत जास्त मार बसला तो तीन जातींना: पांढऱ्या पाठीचं, लांब चोचीचं आणि सडपातळ चोचीचं गिधाड. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांतल्या गणनांमध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. म्हणजे जिथे हजार मोजली होती तिथे एक उरलं. बाकी दोन जाती मिळून सुमारे ९७ टक्के घट. कुठल्याही पक्ष्याचा इतक्या कमी काळात इतका ऱ्हास जगात क्वचितच झाला असेल. आणि हे जंगलतोडीने नाही, बंदुकीने नाही, भुकेनेही नाही. राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं दिसू लागली. अभयारण्य होतं तिथेच होतं, झाडं होती, खायला होतं, तरी पक्षी फळासारखे गळत होते. सगळ्यांना वाटलं, काहीतरी साथ आली असावी.

गायीचं औषध, गिधाडाचं विष

साथ नव्हती. २००४ मध्ये लिंडसे ओक्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरं कारण शोधून काढलं: डायक्लोफेनॅक. होय, तेच, जे गुडघा दुखला की आपण घेतो. सूज आणि दुखणं उतरवणारं औषध. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुरांनाही सर्रास टोचलं जाऊ लागलं. इंजेक्शन दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं तर औषध त्याच्या मांसात उरतं. ते मांस गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं.

पण गाय जगते आणि गिधाड मरतं, असं का? गाय काय, आपण काय, शरीरातला टाकाऊ भाग पाण्यात विरघळवून लघवीवाटे काढतो. पक्ष्याला एवढं पाणी अंगावर वागवणं परवडत नाही, उडायचं असतं. म्हणून तो ते टाकाऊ द्रव्य युरिक ॲसिडच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखं बाहेर टाकतो. काकांच्या अर्जुनावरचा चुना तो हाच.

आता नागपूरचा कूलर डोळ्यांपुढे आणा. बोअरचं पाणी, त्यात क्षार भरपूर. पंप चालू आहे, जाळीवरून पाणी वाहतं आहे, तोवर सगळं ठीक. पंप बिघडला आणि तुम्ही दोन दिवस लक्ष दिलं नाही, तर गवतावर पांढरा, खरखरीत थर चढतो, तो नखाने खरवडावा लागतो. गिधाडाच्या शरीरात पंप म्हणजे मूत्रपिंड. औषधाने पंप बंद पडला की जे बाहेर पडायचं ते रक्तात साचतं आणि काळजावर, यकृतावर, हृदयाच्या पिशवीवर पांढरे स्फटिक होऊन बसतं. मेलेलं गिधाड फाडून पाहिलं तर आतले अवयव पीठ भुरभुरल्यासारखे दिसतात. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

"सगळ्याच गुरांना थोडंच इंजेक्शन देतात?"

नाही देत. मलाही आधी हेच वाटलं होतं, की शंभरातल्या एखाद्या मेलेल्या जनावरात औषध असेल तर त्याने असा किती फरक पडणार? फरक पडतो तो पंगतीमुळे.

गिधाड एकटं जेवत नाही. एका ढोरावर तीस-चाळीस पक्षी उतरतात. लग्नाच्या पंगतीत एका कढईतलं पनीर बिघडलं की अख्खं वऱ्हाड मेडिकलमध्ये भरती होतं, तसं. शिवाय गिधाड दर दोन-तीन दिवसांनी जेवतं. वर्षाला धरा एकशेवीस जेवणं. शंभरात एक ढोर विषारी असेल, तर प्रत्येक जेवणाला वाचण्याची शक्यता ९९ टक्के. एका जेवणापुरतं ते उत्तम वाटतं. पण एकशेवीस वेळा सलग वाचायचं म्हटलं, तर वर्षाअखेर शंभर गिधाडांतली तीसच उरतात. शास्त्रज्ञांच्या हिशोबाप्रमाणे तर भारतात दिसलेली सगळी पडझड व्हायला शंभरात एकाहूनही कमी विषारी जनावरं पुरेशी होती. आणि २००४-०५ च्या सुमारास देशभरातून मेलेल्या गुरांचे नमुने तपासले तेव्हा औषध सापडलं शंभरातल्या दहांमध्ये.

त्यात गिधाडाचा संसार भारी संथ. वर्षाला एक अंडं. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. चिमणीसारखी वर्षात दोन-तीन विणी काढून तूट भरून काढणं त्याला जमत नाही.

"पण पेंचच्या गाभ्यात गुरं नाहीतच की!"

पुतण्याचा खरा मुद्दा हाच, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे.

वाघाचा बचाव आपल्याला समजतो. जमीन आखा, गावं हलवा, चौकीदार नेमा, पाणवठे राखा. वाघाचं राज्य पायाखालचं असतं. पेंचलगत महामार्ग ४४ रुंद झाला तेव्हा जनावरांसाठी खालून नऊ वाटा सोडल्या, आणि कॅमेऱ्यात दिसलं की वाघ त्या वापरतात. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प गाभा नि बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, धरून ७४१ चौरस किलोमीटरच्या घरातला आहे. वाघाच्या दृष्टीने ही मोठी जहागीर.

गिधाडाच्या दृष्टीने ते अंगण. गरम हवेच्या लोटावर पंख न हलवता चढायचं आणि घसरत पुढच्या लोटापर्यंत जायचं, असं करत ते दिवसात शंभर किलोमीटर सहज ओलांडतं. म्हणून गिधाड वाचवणारे लोक शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखतात आणि त्याला 'गिधाड सुरक्षित क्षेत्र' म्हणतात. असं वर्तुळ नकाशावर पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वारात टाचणी टोचून काढून पाहा. त्यात रामटेक, पारशिवनी, सावनेर, कामठी तर येतातच. काटोल, उमरेड, भंडारा, तिकडे मध्य प्रदेशातलं शिवनी आणि छिंदवाडा येतं, आणि आपलं अख्खं नागपूर शहर येतं. ३१ हजार चौरस किलोमीटरच्या वर जागा. त्यात महाराष्ट्रातल्या पेंचचं जंगल जेमतेम अडीच टक्के. उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांत शेतं आहेत, गोठे आहेत, विजेच्या तारा आहेत, गुरांच्या औषधांची दुकानं आहेत.

यावर कुणी म्हणेल, गिधाडाला जंगलात वाघाने मारलेलं सांबर, चितळ मिळतं, तर बाहेर जाऊन ढोर कशाला शोधेल? ते माणसासारखा विचार करत नाही म्हणून नव्हे, त्याला दिसत नाही म्हणून. आपल्याकडची ही गिधाडं अन्न वासाने नाही, डोळ्यांनी हुडकतात. वरून नजर टाकायची, खाली काही पडलेलं दिसतं का, किंवा शेजारचं गिधाड कुठे उतरतं का, ते पाहायचं. आणि वाघ काय करतो? शिकार ओढत नेऊन झुडपात लपवतो. पेंचचा सागवान पावसाळ्यात असा पानांनी गच्च होतो की जिप्सीत बसून दहा पावलांवरचा गवा दिसत नाही; आभाळातून सागाच्या पानाखालचं चितळ काय दिसणार? उघड्या माळावर, नाल्याकाठी पडलेलं ढोर मात्र दोन कोसांवरून दिसतं. म्हणून निवांत, औषधमुक्त जेवण जंगलात असूनही गिधाड जेवायला बाहेर जातं.

बाहेर दुसरं संकट तारांचं. पंख पसरले की हा पक्षी दोन मीटरांच्या वर जातो. चिमणी एका तारेवर बसते, तिला काही होत नाही. गिधाड उतरताना एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसरीला किंवा लोखंडी खांबाला टेकतो, आणि संपलं. तिसरं संकट सुडाचं: बिबट्याने वासरू मारलं म्हणून कुणी त्याच मढ्यात कीटकनाशक कालवतं. बिबट्या परत येतो न येतो, गिधाडं मात्र नक्की येतात.

ताडोब्यातून सोडलेलं एक गिधाड तर थेट तामिळनाडूत पोचलं. त्याला कुणी सांगावं, की बाबा, तुझं अभयारण्य चंद्रपूर जिल्ह्यात आहे?

"बंदी घातली ना, मग आता काय?"

घातली, आणि ती कामाचीही ठरली. २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बनवायला बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्याच. गायीला साधारण बारा-पंधरा मिलिलिटर लागतं. तीस मिलिलिटरची बाटली घेतली की काम झालं. म्हणून २०१५ मध्ये माणसाचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या कुपीतच विकायचं, असं ठरलं. तेवढ्या चार-पाच कुप्या फोडणं कटकटीचं आणि महागाचं.

मग मागच्या दाराने दुसरे पाहुणे आले. ॲसिक्लोफेनॅक नावाचं औषध गायीच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. टोपी बदलली, डोकं तेच. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. या दोघांवर गुरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. म्हणजे डायक्लोफेनॅक हे कारण सापडल्यापासून या चौथ्या दारापर्यंत पोचायला वीस वर्षं गेली. एक औषध बंद केलं की कंपन्यांनी दुसरं आणायचं आणि गिधाडं मेल्यावर आपण ते तपासायचं, हा क्रमच उलटा आहे, असं मला वाटतं. गुरांचं औषध बाजारात येण्याआधीच ते गिधाडाला चालतं का, हे पाहायला काय हरकत आहे?

"नसली गिधाडं तर बिघडलं काय?"

हे विचारणारे लोक वाईट नसतात. गिधाड दिसायला देखणं नाही, आणि आपल्या भाषेत त्याचं नाव शिवीसारखंच वापरतात. पण त्याचं पोट पाहा. त्यातलं आम्ल इतकं तीव्र असतं की कुजलेल्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. गिधाड म्हणजे रोगाची वाट संपते ती जागा. कुत्रा तोच लचका तोडतो आणि रोग गावभर हिंडवतो.

नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोवर जाऊन या कधी. घारींचे थवेच्या थवे, बगळे, आणि खाली कुत्र्यांच्या टोळ्या. काम तर चाललंय की, असं वाटतं. पण घार बोटभर तुकडा उचलते. म्हैस साफ करणं तिचं काम नाही. जी जागा गिधाडांनी सोडली ती कुत्र्यांनी घेतली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळीचा रोग येतो. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये पूर्वी गिधाडांची वस्ती असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतले मृत्यू ताडून पाहिले. त्यांचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण तो निम्मा जरी खरा मानला तरी अंगावर काटा येतो.

"पिंजऱ्यात वाढलेली जगतील का?"

सगळी नाही. सोडलेल्यांतली काही दगावली आणि पुढेही दगावतील. पण मेलेल्याचीही डबी बोलते: कुठे पडलं, तारेखाली की गोठ्याजवळ, हे तिथे जाऊन पाहता येतं, शवविच्छेदन करता येतं. पूर्वी गिधाड कुठे मेलं हे कोल्ह्यालाच ठाऊक असायचं. शिवाय प्रयत्न अगदी शून्यातून चाललेला नाही. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात गिधाडांची गणना दहा हजारांच्या वर गेली आहे. गडचिरोलीत वनखात्याने 'गिधाड उपाहारगृह' चालवलं, म्हणजे औषध न टोचलेलं मेलेलं जनावर ठरावीक जागी ठेवायचं. नाव ऐकून शहरात लोक हसतात. तिथल्या गावांना त्याचं काही वाटत नाही.

"म्हणजे गायीला तडफडू द्यायचं?"

नाही. मेलोक्सिकॅम आणि टॉलफेनॅमिक ॲसिड ही दोन औषधं गिधाडांना चालतात हे तपासलेलं आहे, आणि गायीचं दुखणंही उतरवतात.

यंदा काकांच्या गवळाऊ गायीची कास सुजली, तेव्हा मी गावीच होतो. दोघे मिळून दुकानात गेलो. 'ढोराच्या दुखण्याचं द्या' म्हटल्याबरोबर दुकानदाराने गल्ल्याखालच्या खणातून माणसाच्या पाच कुप्या काढून काचेवर ठेवल्या. 'लवकर उतरते भाऊ, सगळे हेच नेऊन राहिले.' काकांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं. त्याच्या मागे माझ्या पुतण्याने मोठ्या अक्षरांत 'मेलोक्सिकॅम' लिहून दिलं होतं. दुकानदाराने चष्मा लावून ते वाचलं, आत गेला, मागच्या फळीवरून एक बाटली काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, 'हे थोडं महाग पडते.'

'पडू दे,' काका म्हणाले.

डॉक्टरांनी येऊन टोचलं, गाय चौथ्या दिवशी चरायला गेली. रिकामी बाटली काकांनी फेकली नाही. तिच्यावरचा कागद ओला करून सोडवला आणि खळ लावून गोठ्याच्या दारावर चिकटवला, पोळ्याला काढलेल्या बैलाच्या चित्राशेजारी.